विमानाने अमेरिका, एका महिन्यात: आठ शहरं, सहा उड्डाणं आणि एक केबिन बॅग

अमेरिकेत महिनाभर शहरामागून शहर विमानाने फिरायचं ठरलं की आधी तिकिटांचे दर काढले जातात, आणि गणित चुकायला तिथूनच सुरुवात होते. न्यू ऑर्लिन्स ते शिकागो हे उड्डाण अडीच तासांचं. पण हॉटेलातून विमानतळापर्यंत पाऊण तास, उड्डाणाआधी दोन तास, उतरून बाहेर पडायला अर्धा तास आणि शहरात पोचायला आणखी एक तास धरला की एक हॉटेल सोडून दुसऱ्याची किल्ली हातात पडेपर्यंत साडेसहा-सात तास जातात. म्हणजे एक उड्डाण म्हणजे एक अख्खा उजेडाचा दिवस. महिन्यात अशी दहा-बारा उड्डाणं घातली, तर सहलीचा तिसरा हिस्सा विमानतळांवरच्या गालिच्यांवर संपतो.

पैशांच्या बाजूनेही तिकीट हा लहानच आकडा आहे. हजार मैलांच्या आतलं थेट विमान दीड-दोन महिने आधी घेतलं, तर एकेरी तिकीट साधारण ८० ते २०० डॉलरमध्ये मिळतं. सहा उड्डाणांचे जास्तीत जास्त १,२०० डॉलर झाले. रात्रीला १५० डॉलर धरले तरी २९ रात्रींच्या मुक्कामाचे ४,३५० होतात. त्यामुळे ४० डॉलर वाचवण्यासाठी एक थांबा असलेलं विमान घेऊन चार तास घालवणं हा तोट्याचा व्यवहार आहे. या लेखातला प्रत्येक सल्ला याच एका हिशेबावर उभा आहे: तास वाचवा, डॉलर आपोआप वाचतात.

मार्ग: पूर्वेकडून पश्चिमेकडे, एकाच दिशेने

भारतातून जाताना न्यूयॉर्कला उतरायचं आणि परत येताना सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचं. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ‘राउंड ट्रिप’ऐवजी ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडला की जाण्याचं आणि येण्याचं शहर वेगळं ठेवता येतं, आणि दोन्ही मिळून एकच तिकीट निघतं. दोन सुटी एकेरी आंतरराष्ट्रीय तिकिटं मात्र घेऊ नका. ती बहुतेक वेळा बरीच महाग पडतात.

पूर्वेकडून सुरुवात करण्याचं कारण घड्याळ. न्यूयॉर्कहून पश्चिमेला सरकताना शिकागोला एक, डेन्व्हरला दोन आणि सिॲटलला तीन तास मागे जातात. प्रत्येक टप्प्याला दिवस लांबतो, सकाळी लवकर जाग येते आणि सकाळचं विमान पकडणं जड जात नाही. उलट दिशेने गेलात तर प्रत्येक वेळी झोपेतला एक तास कापला जातो. पश्चिमेकडे उडताना समोरून वारा असल्यामुळे विमानाला थोडा जास्त वेळ लागतो, पण मधल्या टप्प्यांवर तो फरक किरकोळ आहे.

सप्टेंबरच्या मध्यानंतर एखाद्या रविवारी उतरायचं ठरवून केलेला हा आराखडा पाहा:

१. न्यूयॉर्क: रविवार ते शुक्रवार, ५ रात्री. जेट लॅग इथेच उतरवायचा.
२. वॉशिंग्टन: शुक्रवार ते सोमवार, ३ रात्री. इथवर रेल्वेने.
३. न्यू ऑर्लिन्स: सोमवार ते गुरुवार, ३ रात्री.
४. शिकागो: गुरुवार ते सोमवार, ४ रात्री.
५. डेन्व्हर: सोमवार ते गुरुवार, ३ रात्री.
६. सिॲटल: गुरुवार ते रविवार, ३ रात्री.
७. लास व्हेगास: रविवार ते बुधवार, ३ रात्री.
८. सॅन फ्रान्सिस्को: बुधवार ते सोमवार, ५ रात्री. त्यातली एक राखीव.

वार मुद्दाम असे लावले आहेत. वॉशिंग्टन हे सरकारी कामाचं शहर, तिथल्या हॉटेलांचे दर शनिवार-रविवारी उतरतात. लास व्हेगासमध्ये याच्या बरोबर उलट: शुक्रवारी-शनिवारी जी खोली दुपटीने जाते तीच रविवार ते गुरुवार निम्म्यात मिळू शकते. न्यू ऑर्लिन्सलाही आठवड्याच्या मधले दिवस बरे. याची एक किंमत मोजावी लागते. सोमवारी सकाळी आणि रविवारी विमानांना गर्दी असते, मंगळवार-बुधवारइतकं स्वस्त तिकीट मिळत नाही. तरी तीन रात्रींच्या हॉटेलात जे वाचतं ते या फरकापेक्षा सहसा जास्त असतं.

न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन विमानाने जाऊ नये. ॲमट्रॅकची साधी ‘नॉर्थईस्ट रीजनल’ गाडी साडेतीन तासांच्या आसपास घेते, ‘असेला’ तीन तासांच्या आसपास, आणि दोन्ही शहराच्या मधोमध सोडतात. न्यू जर्सीतल्या एडिसनकडे नातेवाईकांकडे उतरला असाल तर मॅनहॅटनला उलटं जायची गरज नाही. मेट्रोपार्क स्थानकावर ॲमट्रॅकच्या बऱ्याच गाड्या थांबतात. एक सोपा नियम लक्षात ठेवा: अंतर अडीचशे-तीनशे मैलांच्या आत असेल आणि चांगली रेल्वे असेल, तर विमानाचा विचार सोडा.

याहून जास्त शहरं घालायचा मोह होतोच. मायामी राहिलं, बॉस्टन राहिलं, लॉस एंजेलिस राहिलं. एक शहर वाढवायचं तर एक काढा. दोन रात्रींचा मुक्काम हिशेबात दोन दिवसांचा दिसला तरी हाती एकच पूर्ण दिवस लागतो.

हंगामाबद्दल थोडक्यात: सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर आणि एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा मध्य हे दोन काळ उत्तम. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा थँक्सगिव्हिंग, मेचा शेवटचा सोमवार, ४ जुलै आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार यांच्या आगेमागे विमानं भरलेली आणि महाग असतात. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात आणि सप्टेंबर हा त्याचा ऐन भर, म्हणून न्यू ऑर्लिन्सचं हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

तिकिटं कोणत्या क्रमाने घ्यायची

आधी व्हिसा, मग आंतरराष्ट्रीय तिकीट, मग हॉटेलं आणि सर्वात शेवटी देशांतर्गत तिकिटं. हॉटेलं आधी, कारण बरीचशी फुकटात रद्द करता येतात. त्यामुळे त्यांच्या आधारे वार पक्के करता येतात.

अमेरिकेत देशांतर्गत एकेरी तिकीट साधारण परतीच्या निम्म्या दरात मिळतं. म्हणून सहाही टप्पे सुटे घ्या, हव्या त्या कंपनीचे. याचा मोठा फायदा असा की एका टप्प्यावर गडबड झाली तरी पुढची तिकिटं शाबूत राहतात. एकाच तिकिटावर अनेक टप्पे असतील आणि पहिल्याला तुम्ही हजर राहिला नाहीत, तर पुढचे सगळे रद्द होतात. ‘पलीकडच्या शहराचं तिकीट स्वस्त आहे, मधेच उतरू’ ही युक्ती याच कारणाने अंगाशी येते, शिवाय चेक-इन केलेली बॅग शेवटच्या शहरात जाते ती वेगळीच. अर्थात एकाच दिवशी दोन विमानं बदलायची असतील तर ती मात्र एकाच तिकिटावर हवीत, म्हणजे पहिलं चुकलं तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते.

शोधायला गुगल फ्लाइट्स पुरतं. ‘नॉनस्टॉप’ची खूण लावा आणि विमानतळाऐवजी शहराचं नाव टाका. एका शहराला अनेक विमानतळ आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय असतीलच असं नाही. न्यूयॉर्कला जेएफके, लाग्वार्डिया आणि नेवार्क. वॉशिंग्टनला रेगन, डलेस आणि बाल्टिमोर. शिकागोला ओहेअर आणि मिडवे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ओकलंड आणि सॅन होजे. वॉशिंग्टनहून निघताना रेगन घ्या, मेट्रोने शहरातून वीस मिनिटांत पोचता येतं. रेगनहून थेट विमानं, काही अपवाद सोडता, १,२५० मैलांच्या आतच जातात; न्यू ऑर्लिन्स त्या मर्यादेत बसतं. फ्रीमाँट किंवा सनीव्हेलला कुणाकडे राहायचं असेल तर शेवटच्या टप्प्याला ओकलंड किंवा सॅन होजेचं विमान पाहा.

दर दिसतो त्यात सगळे सक्तीचे कर आलेले असतात. त्यात काय आलेलं नसतं, हे पाहणं महत्त्वाचं. ‘बेसिक इकॉनॉमी’ हे सर्वात स्वस्त तिकीट बहुधा बदलता येत नाही आणि जागा निवडायची तर वेगळे पैसे पडतात. युनायटेडच्या देशांतर्गत बेसिकमध्ये वरच्या कप्प्यात ठेवायची केबिन बॅगही चालत नाही, फक्त सीटखाली मावेल तेवढी पिशवी. डेल्टा आणि अमेरिकनच्या बेसिकमध्ये केबिन बॅग चालते. त्याच्या वरचं साधं ‘मेन’ किंवा ‘इकॉनॉमी’ तिकीट घेतलं तर मोठ्या कंपन्या बदलाचा दंड घेत नाहीत, फक्त दरातला फरक भरावा लागतो. न्यू ऑर्लिन्सकडे जाणारा आणि तिथून निघणारा असे दोन्ही टप्पे साध्या तिकिटावर घ्या; वादळाचा अंदाज आला की दोन दिवस आधीच बदलता येतात. बाकीच्या टप्प्यांवर फरक तीस डॉलरहून जास्त असेल तर बेसिक चालून जातं, केबिन बॅग न्यायची असल्याने युनायटेडचं सोडून.

कंपनीकडून थेट आणि उड्डाणाच्या किमान सात दिवस आधी घेतलेलं तिकीट चोवीस तासांच्या आत फुकटात रद्द करता येतं. कंपन्यांना हा सरकारी नियमच आहे. (काही कंपन्या त्याऐवजी दर चोवीस तास राखून ठेवतात, पैसे भरण्याआधी पाहून घ्या.) म्हणून चांगला दर दिसला की आधी घ्यावं, घरच्यांची चर्चा मग करावी.

नावाबद्दल. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच असतं. फॉर्मवर मधल्या नावाचा रकाना असेल तर ते तिथे टाका, नसेल तर पहिल्या नावापुढे. बोर्डिंग पासवर दोन्ही नावं चिकटून छापली जातात, त्याने काही अडत नाही. अडतं ते स्पेलिंगमधल्या फरकाने. जन्मतारीख आणि लिंग पासपोर्टाप्रमाणेच भरा, कारण सुरक्षा खात्याच्या यादीशी तीच माहिती ताडून पाहिली जाते.

पैसे भरताना दोन अडचणी हमखास येतात. काही संकेतस्थळं पाच आकडी अमेरिकी झिप कोड मागतात आणि आपला सहा आकडी पिन स्वीकारत नाहीत. आधी देश ‘इंडिया’ निवडला की बहुतेक ठिकाणी रकाना बदलतो. दुसरी अडचण ओटीपीची. तिकडे गेल्यावर डेटासाठी ई-सिम घ्या, पण भारतीय सिम फोनमधून काढू नका आणि निघण्याआधी त्यावर रोमिंग चालू करून घ्या, म्हणजे बँकेचा संदेश येईल. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का, हेही बँकेच्या ॲपमध्ये इथूनच पाहून ठेवा.

महिन्याचा पास का नको

जेटब्लू या विमान कंपनीने २००९ साली ५९९ डॉलरमध्ये महिनाभर हवं तितकं उडा असा पास काढला होता, आणि त्याची इतकी चर्चा झाली की ‘असं काही आत्ता आहे का’ हा प्रश्न अजून विचारला जातो. आज त्याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे फ्रंटियर या स्वस्त विमान कंपनीचा ‘गोवाइल्ड’. त्यात देशांतर्गत जागा सहसा उड्डाणाच्या आदल्या दिवशीच घेता येते, तीही उरली असेल तर. दर टप्प्याला कर आणि शुल्क लागतं, केबिन बॅगचे पैसे वेगळे, सणासुदीचे दिवस वगळलेले, आणि पास आपोआप नव्याने लागू होतो, म्हणजे कार्डावर पुन्हा पैसे लागतात. उद्या कुठे असणार हे आज रात्री कळणार असेल तर हॉटेल आयत्या वेळच्या भावाने घ्यावं लागतं. डेन्व्हरला राहणाऱ्या, पाठीवर एक पिशवी टाकून निघणाऱ्या तरुणाला तो परवडेल. भारतातून ठरावीक दिवसांसाठी आलेल्या कुटुंबाला नाही.

सामान: इथे सगळ्यात जास्त वाचतं

देशांतर्गत उड्डाणात चेक-इनची पहिली बॅग मोठ्या कंपन्यांत ३५ डॉलरहून जास्तीला पडते, दर टप्प्याला. सहा टप्प्यांचे एका माणसाचे दोनशेच्या वर गेले. साउथवेस्टकडे दोन बॅगा फुकट असायच्या, पण २८ मे २०२५ पासूनच्या आरक्षणांना बहुतेकांसाठी ती सोय राहिलेली नाही. जुने लेख वाचून त्या भरवशावर जाऊ नका. बॅगेची मर्यादा ५० पाउंड, म्हणजे २२.७ किलो, आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज ६२ इंच. ५१ पाउंड भरले तरी जादा वजनाचा दंड बसतो, आणि तो बऱ्याच कंपन्यांत पहिल्या बॅगेच्या दरापेक्षा बराच मोठा असतो.

म्हणून एक केबिन बॅग आणि एक पाठपिशवी. बहुतेक कंपन्यांचं केबिन बॅगेचं माप २२ × १४ × ९ इंच, चाकं आणि मूठ धरून. आपल्याकडच्या सात किलोच्या नियमाची सवय असलेल्यांना आश्चर्य वाटेल, पण युनायटेड, डेल्टा, अमेरिकन केबिन बॅगेचं वजन सहसा करत नाहीत. ती वरच्या कप्प्यात तुम्हाला स्वतःला उचलून ठेवता आली पाहिजे, एवढंच. मापाबाबत मात्र स्वस्त कंपन्या काटेकोर असतात आणि गेटवर पकडल्यावर शुल्क जास्त लावतात.

आता खरी मराठी अडचण: भारतातून येताना दोन-दोन मोठ्या बॅगा भरून मुलासाठी, भाचीसाठी, त्यांच्या शेजाऱ्यांसाठी सामान नेलेलं असतं. ते सगळं पहिल्या मुक्कामातच उतरवा. परतीचं विमान दुसऱ्या टोकाकडून असल्याने रिकामी मोठी बॅग न्यूयॉर्कला ठेवून चालणार नाही. घडीची कापडी बॅग न्यावी, ती परतीच्या खरेदीला उपयोगी पडते.

कपडे आठवड्याचे घ्या. लास व्हेगासला उन्हाळा, सिॲटलला भुरभुर, डेन्व्हरला ऑक्टोबरमध्ये बर्फही पडू शकतं, आणि न्यू ऑर्लिन्सला कोकणासारखा घाम. एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ लोकरी स्वेटर आणि वरून पाणी न झिरपणारं जाकीट असे थर बरे. धुलाई दर सात-आठ दिवसांनी, म्हणजे या मार्गावर वॉशिंग्टन, शिकागो आणि सिॲटल. नाण्यांवर किंवा कार्डावर चालणारी यंत्रं बऱ्याच हॉटेलांत असतात, आरक्षणाआधी तेवढं पाहा.

सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थ १०० मिलीलिटरच्या बाटल्यांत आणि त्या सगळ्या साधारण एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत. लोणचं, तूप, चटणीचा ओला गोळा, श्रीखंड, पीनट बटर हे सगळं द्रवातच मोजतात. चिवडा, चकली, लाडू, खाकरा, दशम्या खुशाल न्या. देशांतर्गत इकॉनॉमीत जेवण मिळत नाही, मिळतं ते बिस्किट किंवा खारी काडी आणि पेय, त्यामुळे शाकाहारी माणसाने डबा जवळ ठेवावाच. रिकामी बाटली तपासणीतून जाते, आत भरून घ्यायची. पॉवर बँक नेहमी केबिनमध्ये, १०० वॉट-तासांच्या आतली. साधारण २७,००० एमएएचपर्यंतची त्यात बसते.

कप्पे भरले की शेवटी चढणाऱ्यांच्या केबिन बॅगा गेटवर काढून घेऊन खाली पोटात टाकतात, फुकट. ही वेळ कधीही येऊ शकते, विशेषतः लहान विमानांत. म्हणून पासपोर्ट, औषधं, पॉवर बँक आणि दागिने पाठपिशवीतच असावेत, केबिन बॅगेत नव्हे.

उड्डाणाचा दिवस

सकाळचं पहिलं किंवा दुसरं विमान घ्या. ते विमान आदल्या रात्रीच येऊन उभं असतं, म्हणून आधीच्या शहरातला उशीर त्याला चिकटत नाही. दुपारनंतर डेन्व्हर, डॅलस, अटलांटा, फ्लोरिडा इथे गडगडाटी पाऊस होतो आणि उशीर एका विमानाकडून दुसऱ्याकडे सरकत संध्याकाळी तासांवर जातो. शेवटचं विमान कधीच घेऊ नका. ते रद्द झालं तर रात्र विमानतळावर.

या नियमाला एक अपवाद, तो म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. तिथल्या समांतर धावपट्ट्यांत जेमतेम ७५० फूट अंतर आहे. समुद्रावरून सकाळी ढगांचा खालचा थर आला की दोन विमानं शेजारी शेजारी उतरवता येत नाहीत आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या बरीच घटते. मग तिकडे जाणारी विमानं मूळ शहरातच जमिनीवर अडकवून ठेवतात. म्हणून लास व्हेगासहून सकाळी साताऐवजी बारा-एकच्या सुमाराचं विमान घ्या, तोवर ढग बहुधा विरतात. ओकलंडला हा त्रास कमी.

आदल्या दिवशी, उड्डाणाच्या चोवीस तास आधी, ॲपवरून चेक-इन करा. कंपनीचं ॲप प्रत्येक टप्प्याआधी फोनवर हवंच. गेट बदलल्याचं ते फलकाच्या आधी सांगतं. देशांतर्गत उड्डाणाला दोन तास आधी पोचा. बॅग टाकायची असेल तर बहुतेक ठिकाणी ४० ते ४५ मिनिटं आधी काउंटर बंद होतो. विमानाचं दार १५ मिनिटं आधी बंद होतं, आणि त्यानंतर विमान समोर दिसत असलं तरी कुणी चढू देत नाही. सुरक्षा तपासणीत ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. जुलै २०२५ पासून साध्या रांगेतही बूट काढावे लागत नाहीत, अधिकाऱ्याने सांगितलं तरच.

वयस्कर आईवडील बरोबर असतील तर आरक्षणातच चाकाची खुर्ची मागा. कायद्याने ती फुकट आहे. ओहेअर किंवा डेन्व्हरसारख्या विमानतळांवर गेटपर्यंतचं चालणं सहज एक किलोमीटर होतं, त्यामुळे एरवी घरात चालणाऱ्यांनाही ती घ्यावी. खुर्ची ढकलणाऱ्याला टिप द्यायची पद्धत आहे, पाच डॉलरच्या आसपास.

विमान रद्द झालं तर

काउंटरच्या रांगेत उभं राहा, पण रांगेत असतानाच ॲप उघडा. ॲप बहुतेक वेळा पर्यायी विमान स्वतःच सुचवतं, आणि मोकळ्या जागा रांग हलण्याआधी ॲपवर संपतात. सुचवलेलं विमान उद्याचं असेल तर जवळच्या दुसऱ्या विमानतळासाठी विचारा: ओहेअरऐवजी मिडवे, सॅन फ्रान्सिस्कोऐवजी सॅन होजे. कर्मचारी हे स्वतःहून सुचवत नाहीत, नेमकं उड्डाण सांगितलं तर पाहतात.

हक्क कोणते, ते नीट समजून घ्या. विमान रद्द झालं, किंवा देशांतर्गत उड्डाणात तीन तासांहून जास्त बदल झाला, आणि तुम्ही पर्यायी प्रवास नाकारला, तर पैसे परत मिळतात. क्रेडिट कार्डावर सात कामकाजाच्या दिवसांत. कंपनी व्हाउचर पुढे करते, ते घेतलंच पाहिजे असं नाही. पण युरोपासारखी उशिराची नुकसानभरपाई अमेरिकेत कायद्याने नाही. बिघाड कंपनीचा असेल तर बऱ्याच मोठ्या कंपन्या रात्रीचं हॉटेल आणि जेवणाचं कूपन देतात, हवामानाचं कारण असेल तर नाही. जास्त तिकिटं विकल्यामुळे तुमच्या मनाविरुद्ध उतरवलं, आणि पर्यायी विमान दोन तासांहून जास्त उशिरा पोचवत असेल, तर देशांतर्गत प्रवासात एकेरी भाड्याच्या चौपट, कमाल २,१५० डॉलरपर्यंत भरपाई मिळते. स्वतःहून जागा सोडायला तयार झालात तर जे ठरेल ते. तिथे घासाघीस चालते, आणि पुढच्या विमानात पक्की जागा मिळाल्याशिवाय होकार देऊ नये.

चेक-इन केलेली बॅग देशांतर्गत उड्डाणात पोचल्यापासून बारा तासांत मिळाली नाही तर बॅगेचं शुल्क परत मिळतं, मात्र विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायला हवा.

विमानतळावरून शहरात

शिकागोला ओहेअरवरून ब्लू लाइन चोवीस तास चालते, पाऊण तासात मध्यवर्ती भागात. मिडवेवरून ऑरेंज लाइन, ती त्याहून लवकर पोचवते. डेन्व्हरची ‘ए लाइन’ गाडी ३७ मिनिटांत युनियन स्टेशनला सोडते. सिॲटलला लिंक रेल्वे साधारण चाळीस मिनिटं, सॅन फ्रान्सिस्कोला बार्ट ही लोकल रेल्वे अर्धा तास. या चारही ठिकाणी टॅक्सीचा विचार रात्री उशिरा पोचलात तरच करा, आणि हॉटेल या मार्गांच्या स्थानकापासून चालत दहा मिनिटांत असेल असं निवडा. न्यू ऑर्लिन्सला रेल्वे नाही. दोघं-तिघं असाल तर ठरावीक दराची टॅक्सी बरी. लास व्हेगासचा विमानतळ मुख्य रस्त्याला लागूनच आहे, पण तिथल्या हॉटेलांच्या ‘रिसॉर्ट फी’कडे लक्ष ठेवा. मे २०२५ पर्यंत खोलीचा दर कमी दाखवून रोजचे चाळीस-पन्नास डॉलर वर लावले जात; आता ही फी धरूनच दर दाखवावा लागतो. एकूण रक्कम पाहूनच तुलना करा.

ग्रँड कॅन्यन लास व्हेगासहून एका दिवसात करायचा तर पश्चिम कडा दोन-सव्वादोन तासांवर आहे. खरा भव्य दक्षिण कडा साडेचार तास एका बाजूने. तो करायचा तर एक रात्र तिकडेच काढा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे, पोचल्याच्या दिवशी पर्वतात जाऊ नका, पाणी भरपूर प्या. सॅन फ्रान्सिस्कोला भाड्याच्या गाडीत एक पिशवीही दिसेल अशी ठेवू नका, काचा फुटतात.

कागदपत्रं, येताना आणि जाताना

भारतातून एका थांब्याने येत असाल तर अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, आणि पुढचं तिकीट असलं तरी बॅगा पट्ट्यावरून घेऊन, कस्टम्स पार करून पुन्हा टाकाव्या लागतात. त्याच दिवशी वेगळ्या तिकिटावरचं देशांतर्गत विमान ठेवू नका. रांग दोन तासांचीही असते. अबूधाबीहून येणाऱ्यांची अमेरिकी तपासणी तिथेच उरकते आणि ते इकडे देशांतर्गत प्रवाशासारखे उतरतात.

उतरल्यानंतर दोन-तीन दिवसांत सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून आय-९४ ही नोंद उतरवून घ्या. किती तारखेपर्यंत राहता येईल हे व्हिसावरच्या तारखेवरून ठरत नाही, ते या नोंदीवर असतं. नाव किंवा तारीख चुकली असेल तर लगेच दुरुस्त करून घ्यावी. मधेच कॅनडा-मेक्सिकोची उडी घालायची असेल तर त्या देशाचे नियम वेगळे पाहा. प्वेर्तो रिकोला आणि हवाईला जाणं देशांतर्गतच आहे, मात्र तिथून मुख्य भूमीकडे येताना सामानाची शेतीविषयक तपासणी होते आणि बरीच ताजी फळं काढून घेतात.

प्रवास विमा अमेरिकेसाठी वेगळा पाहून घ्या, किमान एक लाख डॉलरचा, आणि आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का ते वाचा. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, महिन्याची अधिक आठवड्याची.

परतीच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला तीन तास आधी पोचा. अमेरिकेतून बाहेर पडताना इमिग्रेशनचा काउंटर लागत नाही आणि पासपोर्टावर शिक्का बसत नाही. बाहेर गेल्याची नोंद विमान कंपनीच्या यादीवरून होते. म्हणून बोर्डिंग पासचा फोटो ठेवा आणि घरी आल्यावर आठवडाभरात आय-९४च्या त्याच संकेतस्थळावर प्रवासाची नोंद उघडून प्रस्थानाची तारीख चढली आहे का ते पाहा.